तांडेलाच्या बंदुकीवरची दुर्बीण

दोन हजार बावीस साली हे झालं. वादळाला दोन वर्षं उलटली होती, करोनाची कुलपं निघाली होती आणि सावरखोलच्या कोळीवाड्यात मधली दोन वर्षं चुकलेलं नारळी पुनवेचं मडकं पुन्हा टांगायचं ठरलं होतं.

सावरखोल म्हणजे दिवेआगरच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी वसलेली दोन आळ्यांची वस्ती. एक वरची, एक खालची. पुनवेला सोनेरी कागद लावलेला नारळ दर्याला कोणाच्या हातून जायचा, यावरून या दोन आळ्यांत पूर्वी दरसाल हाणामारी व्हायची. मग कोणा जुन्या पाटलाने तोड काढली. धक्क्यासमोर होडी नांगरायची, तिच्या डोलकाठीला गुलाल भरलेलं लहानसं मडकं टांगायचं, आणि ऐन भरतीला, होडी धक्क्याच्या पातळीला आली की दोन्ही आळ्यांच्या एकेका माणसाने छऱ्याच्या बंदुकीने नेम धरायचा. प्रत्येकाला तीन छरे. मडकं फोडेल त्याच्या घरचा नारळ, आणि मोसमाची पहिली होडीही त्याच्याच घरची.

खालच्या आळीकडून भिकू तांडेल मारायचा; तांडेल म्हणजे होडी चालवणारा म्होरक्या. त्याची बायको नीराबाई लग्न होऊन सावरखोलला आली त्याच साली त्याने पहिलं मडकं फोडलं होतं. तेव्हा धक्का दगडांचा होता, वीज पाटलाच्या घरापुरती होती आणि भिकूच्या मिशा काळ्या होत्या. डोक्यावरचा पदर सावरत तिने लांबून पाहिलं, तर मडकं फुटून गुलालाचा ढग होडीवर उभा राहिला होता आणि शेजारची म्हातारी तिला कोपराने ढोसून म्हणाली होती, "बघ गो पोरी, तुझा घो!" तो ढग नीराबाईला अजून दिसायचा.

पण वादळाच्या आदल्या साली भिकूचे तिन्ही छरे चुकले. पहिला कुठे गेला कळलं नाही, दुसरा आभाळात गेला, तिसरा थेट लाऊडस्पीकरच्या भोंग्यात. त्या दिवशी चालू असलेलं गाणं मधेच घरघरलं आणि बंद पडलं. वरच्या आळीच्या सदाने दुसऱ्याच छऱ्यात मडकं फोडलं. भिकू घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजला. गावात टाळेबंदी पुढच्या उन्हाळ्यात लागली, भिकूची त्या दिवशीच लागली.

आणि आता, मडकं टांगायची बैठक भरली तेव्हा, सदा सहज म्हणाला, "भिकूदादा, या साली भोंगा जरा लांब बांधू काय?"

लोक हसले. भिकू उठून उभा राहिला.

"या साली मी मडकं न्हाय फोडलं," तो म्हणाला, "तर होडी ईकीन आनि पनवेलला पोरीकडं जाऊन राहीन. तांडेलाचा शब्द हाय."

दयाराम पाटील, गावकीचा म्होरक्या, घाईघाईने म्हणाला, "भिकू, शब्द मागं घे. रागात बोललास."

"रागात न्हाय. शब्द हाय."

ही बातमी नीराबाईला नवऱ्याकडून कळली नाही. ती कळली सुकटीच्या वाळवणावर, किशोरीकडून. किशोरी सदाची बायको. नवऱ्यांचं वैर असलं तरी दोघींच्या बोंबलांच्या काठ्या शेजारीशेजारी होत्या आणि अर्ध्या गावाच्या बातम्या तिथेच वाळत पडायच्या.

"वयनी, तुम्ही पनवेलला चालल्याव म्हनं?"

नीराबाईच्या हातातला बोंबील काठीवर न पडता खाली वाळूत पडला.

पनवेलला तिची लेक जागृती अकराव्या मजल्यावर राहायची. मागे एकदा नीराबाई तिथे राहायला गेली होती, तेव्हा जाताना नेलेले ओलसर बोंबील तिने गॅलरीत, कपडे वाळवायच्या दोरीवर घातले. दुपारपर्यंत बाराव्या मजल्यावरून फोन आला. तिसऱ्या प्रहरी वॉचमन नाकाला रुमाल लावून आला. संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी स्वतः आले, दाराबाहेर चार पावलं लांब उभे राहिले आणि म्हणाले, "आजी, काहीतरी मेलंय का?" नीराबाई म्हणाली, "व्हय, बोंबील. पन ते दर्यातच मेलं." जागृतीने आईला आत ओढलं. त्यानंतर लिफ्टमध्ये नीराबाई शिरली की बाकीची माणसं आपणहून जिन्याने जायची. तिला वाटायचं, काय सभ्य लोक आहेत, म्हाताऱ्या माणसाला जागा देतात. जागृतीने खरं कारण सांगितलं तेव्हा ती सामान बांधून परत आली.

तिथे आता कायमचं राहायचं? किशोरी नाही, वाळवण नाही, भांडायला कोणी नाही. अकराव्या मजल्यावर कोणाशी भांडणार? कबुतरांशी?

भिकूचे छरे का चुकतात हे नीराबाईला चांगलं ठाऊक होतं. त्याला लांबचं दिसत नव्हतं. तो विजेच्या खांबाला "राम राम" करायचा. एकदा त्याने दारातल्या बकरीला "मनाली, च्या टाक गो" असं दोनदा सांगितलं होतं, आणि मनाली, म्हणजे त्यांची सून, आतून "टाकला, टाकला" म्हणत धावली होती. चष्म्याचं नाव काढलं तर भडकायचा.

"तांडेल चष्मा लावून दर्यावर गेला तर मासलीसुद्धा हसंल."

"मासलीला दिसतंय ना पन, तुम्हाला न्हाय दिसत," नीराबाई म्हणायची आणि भांडण तिथेच वर चढायचं.

तोड काढली मनालीने. तिने मोबाइलवर सासूला दाखवलं: बंदुकीच्या नळीवर बसवायची दुर्बीण. "आई, ही लावली तर मडकं एवढं मोठं दिसेल. आणि मामांना चष्मा लावला असंही वाटणार नाही. उलट रुबाब दिसेल."

"असली वस्तू लावायला बंदी हाय का मडक्याला?"

"मी पाटीलकाकांना विचारलं. ते म्हणाले, जुन्या लोकांनी असलं काही पाहिलंच नव्हतं, तर बंदी कशी घालतील?"

मनालीचा नवरा विनेश नागावला पर्यटकांना पाण्यातल्या गाड्यांवर फिरवायचा, तो महिन्यातून एकदाच घरी यायचा. म्हणून सासू-सुनाच निघाल्या. भिकूला सांगितलं, जागृतीला सोडे द्यायला चाललो. बंदूक जुन्या साडीत गुंडाळून, वरून झाडूचं तोंड बांधून, एसटीच्या रॅकवर टाकली.

पनवेलच्या खेळाच्या सामानाच्या दुकानातल्या शेठने साडी उलगडल्यावर आधी झाडू बाजूला ठेवला, मग बंदूक हातात घेतली.

"बसो बेन. शिकार-बिकार तर नाय ना? ते नाय चालणार."

"मडकं फोडायचं हाय."

"घरातलं?"

"होडीवरलं."

शेठने जास्त विचारलं नाही. नळीवरच्या दोन लांबट खाचांवरून बोट फिरवलं. "खाच छे, म्हणजे दुर्बीण बसेल." मग त्याने काचेच्या पेटीवर तीन दुर्बिणी मांडल्या. नीराबाई पुढे सरकली. आयुष्यभर तिने टोपलीतली मासळी निवडली होती, तिला निवडायला काय शिकवणार? पहिली उचलून तिने हातात तोलली. दुसरीचा वास घेतला. तिसरीच्या काचेत डोळे बारीक करून पाहिलं, जसं पापलेटाचे कल्ले उघडून बघतात तसं.

"ही सगल्यात मोठी दे."

"बेन, मोठी ते चांगली असं नाय. ही चोवीस पट मोठं दाखवते. मडकं हललं, की दुर्बिणीतून गायब. मग शोधत बसा. वर तुमचं काळीज धडधडतंय तेपण यात दिसणार."

"काळीज दिसतंय?"

"हात हलतो, ते दिसतं. ही साधी, चार पट. पण ती नको, ती मोठ्या बंदुकीची." त्याने तिसरी पुढे केली. "ही घ्या. तीनपासून नऊपर्यंत फिरते. छऱ्याच्या बंदुकीसाठीच बनवलेली. स्प्रिंगची बंदूक वेडी असते, आधी मागं धक्का, मग पुढं धक्का. साधी दुर्बीण चार दिवसांत आतून खिळखिळी होते."

"आनि ही?"

"ही तुमच्या नातवाच्या लग्नापर्यंत."

नातू अजून झालाच नव्हता. मनालीने पदराच्या टोकाशी चाळा केला. नीराबाईने मात्र ते मनावर घेतलं आणि तीच दुर्बीण घ्यायची ठरवली. शेठने मनालीला सगळं करून दाखवलं. दोन कड्या खाचेत बसवायच्या, त्यांत दुर्बीण ठेवायची, डोळा आणि काच यांत चार बोटांचं अंतर सोडायचं. स्क्रू एकदम एक नाही, आलटूनपालटून आवळायचे, आणि शेवटी असे घट्ट की दुर्बीण केसभरसुद्धा हलता कामा नये. मग कागदावर छरे मारून पाहायचे आणि वरच्या-बाजूच्या चकत्या फिरवून नेम जुळवायचा. "आणि ही मागची गोल कडी. ज्याचा डोळा, त्याने फिरवायची. चष्म्याचा नंबर असेल तर याच्यातच भागून जातो."

मनालीने घरी येऊन तशीच बसवली. ओळंब्याची दोरी दारावर टांगून बंदूक सरळ आहे का तेही पाहिलं. भिकू ओट्यावर बसून हे सगळं बघत होता, म्हणजे त्या दिशेने तोंड करून होता.

"ह्यो खेळ कशाला?"

"मुंबईचे लोक आता अशीच बंदूक वापरतात, मामा," मनाली म्हणाली. "इथे एकट्या तुमच्याकडे."

"सदाकडं न्हाय?"

"नाही."

"दे इकडं."

त्याने बंदूक खांद्याला लावली आणि डोळा थेट काचेला चिकटवला. होडीवरच्या जुन्या दुर्बिणीला तसाच चिकटवायचा असतो. मनाली "मामा, चार बोटं..." म्हणेपर्यंत चाप ओढला गेला. धक्का मागे आला आणि दुर्बिणीच्या कडेने त्याच्या भुवईवर लाल, रेखीव चंद्रकोर उमटवली.

"जल्ला तुमचा शेठ!"

चंद्रकोर दोन दिवस हळदीखाली झाकली. तिसऱ्या दिवशी नीराबाई बाजारातून आली तर भिकू मांडी घालून बसला होता, समोर बंदूक, आणि तोंडात जाळ्याचा सुतळा. कड्यांचे स्क्रू त्याने सैल केले होते आणि दुर्बीण नळीला सुतळ्याने बांधून घेतली होती. गाठी अशा सुरेख, की कोणी पाहिलं असतं तर शाळेत ठेवायला मागितल्या असत्या. पण बोटाने ढकलली की दुर्बीण हलायची.

"हे काय केलंव?"

"ढील दिली," भिकू शांतपणे म्हणाला. "होडीवर काय पन करकचून बांधायचं न्हाय. डोलकाठी, शीड, नांगर, सगल्याला ढील. लाट आली की ढिलाईनं ती वस्तू हलती, म्हनून तुटत न्हाय. तुमच्या दुर्बिनीला ढील नव्हती, म्हनून माझ्या भुवईवर आली."

"पन हलली तर नेम कसा बसंल?"

"जाशील तिकडं. मना दर्या शिकवतंय."

मनालीने डोक्याला हात लावला. आणि खरंच, त्या संध्याकाळी भिकूने माडाला टांगलेल्या डब्यावर मारलेला प्रत्येक छरा डावीकडे गेला. सुतळा ज्या बाजूला सैल होता, त्या बाजूला दुर्बीण दर धक्क्यानंतर विसावायची. कोणी दुसरा असता तर वैतागला असता. भिकू खूश झाला. "म्हंजे वढ हाय," तो म्हणाला. वढ म्हणजे पाण्याची ओढ, ती त्याला बरोबर कळायची. ओढीत जाळं टाकताना माशावर टाकायचं नसतं, वरच्या अंगाला टाकायचं असतं. तो डब्याच्या उजवीकडे दीड हात नेम धरू लागला. डबा वाजायला लागला. चारात एकदा का होईना, वाजला.

त्यातच त्याच्या बोटाला मागची गोल कडी लागली. सहज फिरवली. पुन्हा फिरवली. आणि त्याला समोरच्या माडाच्या झावळीचं पातंनपातं दिसायला लागलं.

नीराबाई विहिरीवरून येत होती. त्याने बंदूक तिच्याकडे वळवली.

"अवो, काय करताव!"

"छरा न्हाय त्यात. थांब. हलू नको." बराच वेळ तो बघत राहिला. "नीरा, तू म्हातारी झालीस गो. कवा झालीस?"

"तुम्ही बघत नव्हताव तवा," ती म्हणाली आणि हंडा घेऊन आत गेली. आत जाऊन तिने हंडा खाली ठेवला आणि आरशात पाहिलं.

त्या दिवसापासून भिकू बंदुकीशिवाय घराबाहेर पडेना. छरा नसायचा, पण बंदूक असायची. टपरीवर वर्तमानपत्र वाचायचं तर कोणाला तरी ते समोरच्या भिंतीला लावायला सांगायचा, रस्त्याच्या या बाजूला बसायचा आणि बंदूक खांद्याला लावून अग्रलेख वाचायचा. लिलावाला आलेली मासळी लांबूनच बंदुकीतून बघून म्हणायचा, "ती सुरमय कालची हाय." आणि ती कालचीच असायची. गावात कोण कोणाच्या परड्यातून अळूची पानं नेतो, कोणाच्या चुलीवर कोंबडी शिजते, सगळं त्याला कळू लागलं. बायकांनी परसदारी पडदे लावले. किशोरी वाळवणावर म्हणाली, "वयनी, काल ते आमच्याकडं बघून हसले. मी काय केलं होतं?"

"तू न्हाय. सदाभावजी केसाला रंग लावत होते."

एका रविवारी दिवेआगरला उतरलेलं पुण्याचं एक कुटुंब मासळी घ्यायला सावरखोलला आलं. गाडीतून उतरतात तोच समोरच्या ओट्यावरून एका म्हाताऱ्याने त्यांच्यावर बंदूक रोखली. नवऱ्याने हात वर केले. बायकोने मुलाला गाडीखाली ढकललं. भिकू आनंदाने ओरडला, "या, या! पिवळा शर्ट लय सोबतोय!"

पाटील तावातावाने आला. "भिकू, ठाण्यात तक्रार गेली म्हंजे? दुर्बीन काढ नि नुसती हातात घे."

"काढली तर नेम बिघडंल!"

शेवटी पाटलाने दुर्बीण राहू दिली. बंदुकीला पुढच्या टोकाला लाल फडकं बांधायचं आणि बघायच्या आधी "बघतोय रं!" म्हणून ओरडायचं, यावर मिटलं.

नीराबाईचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. चारात एकदा डबा वाजतो, आणि मडक्याला तीनच छरे. हिशोब तिला येत नसे, पण एवढा येत होता. सुतळा ओला झाला की जास्त ताणायचा, सुकला की कमी. पुनवेला पाऊस असेल की ऊन, कोणी सांगावं? तिने एकदा भीतभीत विषय काढला. भिकू म्हणाला, "माझ्या गाठीला नाव ठेवतंस?" तिथेच संपलं. तांडेलाच्या गाठीला बायको काय, वाराही नाव ठेवत नाही अशी त्याची समजूत होती.

पुनवेच्या आदल्या दुपारी तो जेवून घोरायला लागला तेव्हा नीराबाईने मासे कापायची सुरी घेतली. मनालीने बंदूक उचलली. दोघी मागच्या माडांत गेल्या. सुरी सुतळ्याला लावताना नीराबाईचा हात थांबला. लग्न झाल्यापासून तिने त्याची जाळी सुकवली होती, ओढली होती, शिवली होती, पण त्याची गाठ कधी कापली नव्हती.

"आई, पनवेल," मनाली हळूच म्हणाली.

सुतळा तुटला. मनालीने शेठने दाखवल्याप्रमाणे स्क्रू आवळले. मग बंदूक तिने सासूच्या हातात दिली. "तुम्ही मारा. तुमच्या आणि मामांच्या हाताची लांबी सारखीच आहे."

नीराबाईने चार बोटं अंतर मोजलं, डब्याचं झाकण दिसलं, चाप ओढला. झाकणाच्या वरून गेला. मनालीने चकती फिरवली. पुन्हा. आणखी थोडी. मग टण्ण. मग टण्ण. त्यानंतर चुकलाच नाही. नीराबाईला इतकी मजा यायला लागली की मनालीला बंदूक ओढून घ्यावी लागली. वरून त्यांनी तसाच सुतळा गुंडाळला, नुसता शोभेला. भिकूला पत्ता लागला नाही.

पुनवेला सकाळी सर येऊन गेली आणि दुपारी भरतीच्या वेळेला लख्ख उघडलं. अख्खा गाव धक्क्यावर. होडी पाण्यावर उंच आली होती, डोलकाठीला मडकं झुलत होतं. होडीत किशोरीचा भाऊ स्वप्निल बसला होता, मडकं अडकलं तर सोडवायला. त्याला मोटारसायकलचं हेल्मेट दिलेलं होतं आणि छरे संपेपर्यंत फळीखाली बसून राहायचं बजावलं होतं. उकडतंय म्हणून हेल्मेट त्याने बुडाखाली घेतलं होतं.

आधी सदा. पहिला छरा गेला. दुसरा मडक्याच्या काठाला चाटून गेला, मडकं गरगर फिरलं, वरची आळी किंचाळली, पण फुटलं नाही. तिसरा वाऱ्यावर गेला.

मग भिकू पुढे आला. "बघतोय रं!" म्हणाला आणि बंदूक खांद्याला लावली. नीराबाई बायकांच्या घोळक्यात उभी होती. पहिला छरा सुटला आणि मडक्याच्या बराच उजवीकडे पाण्यात टुपकन पडला. भिकूने मान हलवली. "उधान हाय," तो स्वतःशीच पुटपुटला, "वढ जास्त हाय," आणि त्याने नेम आणखी उजवीकडे नेला. दुसरा छरा शेजारच्या होडीच्या पताकेतून आरपार गेला.

तेव्हा नीराबाईच्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. दुर्बीण सरळ झाली होती. नवरा सरळ झाला नव्हता. तो अजून दीड हात उजवीकडेच धरत होता, आणि आता तर दोन हात धरेल.

"अवो, थांबा!" ती घोळक्यातून पुढे घुसली.

"ए, ए!" सदा ओरडला. "मधी नेम सांगायचा न्हाय!"

"नेम न्हाय सांगत ती," मागून किशोरी नवऱ्याला म्हणाली. "नवऱ्याशी भांडतंय. भांडनाला बंदी हाय काय?"

पाटलाने विचार केला. "भांडनाला बंदी न्हाय."

"मी आवळली," नीराबाई म्हणाली.

"काय आवळलीस?" भिकूने बंदूक खाली केली.

"दुर्बीन. स्क्रूनं. करकचून. तुमचा सुतला कापला."

भिकूने नळीवरचा सुतळा बोटाने ओढला, तो सगळा हातात आला.

"माझी गाठ कापलीस?"

"व्हय."

"सुरीनं?"

"मग काय दातानं? ती आता हलत न्हाय. जिथं बघताव तिथंच जातंय. उजवीकडं नका धरू."

"तुना कसा ठाऊक?"

"मी मारून बघितलं. झाकनावर."

"लागलं?"

"सगलं लागलं," मनाली लांबून म्हणाली.

भिकूने बंदूक बायकोपुढे धरली. त्याचे डोळे भरले होते. गाठ कापली म्हणून, की आणखी कशाने, ते त्यालाच माहीत. "मंग तूच मार."

"शब्द माझा न्हाय. तुमचा हाय. आनि मना पनवेलला जायचं न्हाय. तिथं मी मरंन. तिथं मेली तर वॉचमन नाकाला रुमाल लावून येईल." हे बोलताना तिचा आवाज असा कापला की हसायला तोंड उघडलेल्यांनी ते मिटलं.

भिकू तिच्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघत राहिला. एवढ्या जवळून त्याला दुर्बीण लागत नव्हती.

"सरल धरू?"

"सरल धरा."

"लग्नापासून तू मना एवढा सरल कवा बोलली न्हायस," तो म्हणाला, आणि वळला.

इकडे होडीत स्वप्निलला वाटलं, एवढी बोलाचाली चालली आहे म्हणजे खेळ संपला. तो काय झालं ते बघायला उभा राहिला. त्याच क्षणी चाप ओढला गेला. छरा मडक्याला लागला नाही. मडक्याच्या वर बोटभर, दोरीला लागला. दोरी तुटली. मडकं अख्खंच्या अख्खं खाली आलं आणि स्वप्निलच्या डोक्यावर फुटलं. गुलालाचा ढग उठला. ढगातून एक शिंक आली, मग दुसरी, मग स्वप्निल बाहेर आला, टिळ्यापासून टाचेपर्यंत लाल.

"फुटलं!" खालची आळी.

"डोक्यानं फुटलं! छऱ्यानं न्हाय!" सदा नाचू लागला. "ते आमच्या आळीचं डोकं हाय!"

"डोकं तुमचं आसंल," नीराबाई कमरेला पदर खोचून पुढे झाली, आता तिचा बाजारातला आवाज परत आला होता, "पन मडकं त्याच्या डोक्यावर काय ओवाळायला उतरलं? आमच्या छऱ्यानं दोरी तोडली म्हनून आलं ना? मी तुझ्या टोपल्याला लाथ मारली आनि मासली खाली पडली, तर मासली काय जमिनीनं सांडली?"

पाटलाने हात वर केला. "स्वप्निल, मडकं लागंपर्यंत अख्खं होतं?"

"होतं," स्वप्निल लाल तोंडाने म्हणाला.

"बघा!" सदा.

"दोरी कोनी तोडली?"

"भिकूदादांनी."

"दुसऱ्या कोनाच्या हातून मडकं खाली आलं असतं?"

सदा बोट उगारून पुढे आला. तेवढ्यात किशोरी आपल्या भावाकडे बघून खो खो हसत सुटली, तिचं हसू आवरेना, आणि बायकोच हसतेय म्हटल्यावर सदाचं तोंडही वाकडंतिकडं होऊ लागलं. पाणी उतरायच्या बेताला आलं होतं.

"फुटलं," पाटील म्हणाला. "खालच्या आळीचं. आनि पुढल्या सालापासून हेल्मेट डोक्यावर."

संध्याकाळी सोन्याचा नारळ भिकूच्या घरून निघाला. पाण्याशी आल्यावर त्याने तो नीराबाईच्या हातात दिला. असं आधी कोणी केलं नव्हतं. पाटलाने पाहिलं आणि दुसरीकडे पाहिलं.

पुढे काय झालं ते सांगायला हवं. स्वप्निलच्या कानामागचा गुलाल गणपतीपर्यंत टिकला. तो आता म्हसळ्याला गॅरेज चालवतो. दयाराम पाटील दोन वर्षांनी गेला, आणि त्याच्या जागी जो आला त्याने बंदुका बंद करून मडकं दगडाने फोडायचं काढलं, त्यात मजा नाही असं दोन्ही आळ्यांचं मत आहे. सदाने पुढच्याच साली दुर्बीण घेतली, सगळ्यात मोठी, चोवीस पटीची, आणि तिच्यात त्याला मडकं एकदाही सापडलं नाही. मनालीला मुलगा झाला. विनेश नागावचा धंदा दुसऱ्याला देऊन घरी आला. जागृती दर दिवाळीला येते आणि जाताना सुकट नेत नाही. भिकूने शेवटी बोर्लीला जाऊन डोळे दाखवले आणि चष्मा लावला, दोरी बांधून, दोरीला भरपूर ढील ठेवून. तो दर्यावर जातो, आणि मासळी हसल्याचं कोणी ऐकलेलं नाही. बंदूक आता नीराबाईकडे असते. वाळवणावर कावळे आले की ती छरा न घालता नुसती खांद्याला लावते, कावळे उडतात, आणि शेजारच्या काठीवर बोंबील घालणारी किशोरी ओरडते, "वयनी, मला नका बघू, मी तुमचा एकच उचलला!"